विल्कोला उघड्या मैदानात ऐकायला जायचंय? सॉलिड साउंडला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी

बॉस्टन, न्यू जर्सी, कनेटिकट भागातले मराठी मित्र मला नेहमी विचारतात, की ते विल्कोचं मैदानातलं फेस्टिव्हल असतं त्याला जायचं असेल तर नेमकं करायचं काय, कुठून सुरुवात करायची. दरवेळी फोनवर तासभर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी हे सगळं स्वतः करून झालेलो आहे, त्यामुळे कुठे अडतं ते माहितीये. अमेरिकेत नवीन आलेले विद्यार्थी, नोकरीवाले, लहान मुलं असलेली जोडपी, सगळ्यांना उपयोग होईल असं लिहायचा प्रयत्न करतो.

आधी दोन ओळीत माहिती. विल्को हा शिकागोचा बँड, १९९४ पासून चालू आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरात नॉर्थ अॅडम्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे मास मोका हे आधुनिक कलेचं प्रचंड मोठं म्युझियम आहे, आणि त्या म्युझियमच्या आवारात हा बँड स्वतः सॉलिड साउंड नावाचा तीन दिवसांचा फेस्टिव्हल भरवतो. २०१० ला सुरू झाला, २०११ ला परत झाला आणि नंतर साधारण एक वर्षाआड, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे दरवर्षी होईल असं धरून बसू नका, पहिला गोंधळ इथेच होतो.

१. आधी ऐका, आणि या क्रमाने ऐका

ही पायरी लोक गाळतात आणि मग मैदानात तीन तास उभं राहून म्हणतात की काही कळलं नाही. विल्कोची गाणी पहिल्याच फटक्यात डोक्यात बसतील अशी नाहीत, पण एकदा बसली की निघत नाहीत.

मूळ कुठलं ते समजून घ्या. इलिनॉयमध्ये सेंट लुइसच्या जवळ बेलव्हिल नावाचं गाव आहे, तिथल्या पोरांनी १९८७ मध्ये अंकल टुपेलो नावाचा बँड काढला. जे फॅरार आणि जेफ ट्वीडी हे त्यातले दोन गाणारे-लिहिणारे. पंक रॉकचा राग आणि जुन्या ग्रामीण कंट्री गाण्यांचं दुःख असं एकत्र त्यांनी वाजवलं, १९९० ला त्यांचा 'नो डिप्रेशन' अल्बम आला आणि त्यातूनच पुढे अल्ट-कंट्री म्हणतात तो सगळा प्रवाह ओळखला जायला लागला. १९९४ च्या मे महिन्यात सेंट लुइसला शेवटचा कार्यक्रम करून बँड फुटला. फॅरारने सन व्होल्ट काढला, आणि ट्वीडी उरलेल्यांना घेऊन विल्को झाला.

आता ऐकायचा क्रम, हे माझं मत, पण यावर मी ठाम आहे:

- सुरुवात 'बीइंग देअर' (१९९६) पासून करा. दोन डिस्कचा अल्बम आहे, कंट्री पण आहे आणि गोंगाट पण आहे, बँड कुठून कुठे निघालाय ते यात ऐकू येतं.
- मग 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. हा त्यांच्या कंपनीने नाकारला होता, बँडने २००१ च्या सप्टेंबरमध्ये तो स्वतःच्या वेबसाइटवर लोकांना फुकट ऐकायला ठेवला, आणि मग २००२ ला दुसऱ्या कंपनीने काढला जी त्याच मोठ्या कंपनीच्या मालकीची होती! हा हेडफोन लावून ऐका, कारण रेडिओची खरखर, घंटा, तुटके आवाज हे सगळं गाण्याचाच भाग आहे.
- त्यानंतर 'स्काय ब्लू स्काय' (२००७). इथून आताचा सहा जणांचा बँड कळतो.
- वेळ राहिला तर 'क्रुएल कंट्री' (२०२२), यात ते परत कंट्रीकडे वळलेत.

सहा जण कोण ते पण पाहून ठेवा म्हणजे स्टेजवर कोण काय करतोय ते कळेल. ट्वीडी गातो आणि गिटार वाजवतो, जॉन स्टिरॅट बेसवर (ट्वीडी सोडून पहिल्यापासून टिकलेला हा एकटाच), ग्लेन कोची ड्रमवर, मिकेल योर्गेनसन कीबोर्डवर, पॅट सॅन्सोन कधी गिटार कधी कीबोर्ड, आणि नेल्स क्लाइन मुख्य गिटारवर. ही टीम २००४ पासून बदललेली नाही आणि ते ऐकू येतं, इतकी वर्षं एकत्र वाजवल्यावर एकमेकांकडे बघायची पण गरज पडत नाही त्यांना.

२. तिकिटाच्या आधी राहायची सोय बघा

हो, आधी खोली. नॉर्थ अॅडम्स जेमतेम तेरा हजार वस्तीचं गाव आहे, हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या वीकेंडला हजारो माणसं येतात. तारखा जाहीर झाल्या की म्युझियमच्या समोरची आणि आजूबाजूची हॉटेलं लगेच भरतात आणि उरलेल्यांचे दर आभाळाला भिडतात. त्यामुळे तारीख कळली की त्याच दिवशी अशी खोली धरून ठेवा जी नंतर फुकट रद्द करता येते, मग शांतपणे तिकीट काढा. रद्द करायची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

गावात मिळालं नाही तर विल्यम्सटाउन (पाच मैल), पिट्सफील्ड (वीसेक मैल) किंवा राज्याची हद्द ओलांडून व्हरमाँटमधलं बेनिंग्टन. पिट्सफील्ड मोठं आहे, तिथे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. चारपाच जण मिळून घर भाड्याने घेतलं तर सगळ्यात स्वस्त पडतं, स्वयंपाकघर मिळतं, आणि आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत त्यांची मोठी सोय होते. तंबूत राहायची तयारी असेल तर जवळपासच्या कॅम्पिंगच्या जागा बघा, फक्त रात्री थंडी आणि पाऊस दोन्ही धरून चाला.

३. पास काढताना

फेस्टिव्हलच्या अधिकृत साइटवरूनच काढा आणि त्यांच्या ईमेल यादीत नाव आधीच टाकून ठेवा. शक्यतो तिन्ही दिवसांचा पास घ्या, कारण विल्को साधारण शुक्रवारी आणि शनिवारी अशा दोन्ही रात्री वाजवतात आणि दोन्ही रात्री वेगळ्या असतात. २०१३ ला शुक्रवारी त्यांनी प्रेक्षकांच्या फर्माइशीवर दुसऱ्या बँडची गाणी वाजवली, २०१५ ला शुक्रवारचा पूर्ण कार्यक्रम अकूस्टिक, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारशिवाय, केला. एकच दिवस जाऊन येतो म्हणणाऱ्यांचं हे हुकतं. पासावर म्युझियम पण बघता येतं, त्यामुळे पैसे वसूल होतात की नाही ही काळजी सोडा.

फसवणूक कुठे होते ते सांगतो:

- फेसबुकवर "माझं जाणं रद्द झालं, पास घ्या" म्हणणारी अनोळखी माणसं. झेल किंवा व्हेन्मोने पैसे पाठवले की ते परत येणं जवळजवळ अशक्य. परत विक्रीची अधिकृत सोय असेल तीच वापरा.
- गुगलवर सगळ्यात वर दिसणारी जाहिरात. ती बऱ्याचदा पुनर्विक्री करणाऱ्याची असते आणि शेवटच्या पानावर फी लागून किंमत फुगते. साइटचा पत्ता नीट वाचा.
- मुलांचं तिकीट. कुठल्या वयाला फुकट, कुठल्या वयाला कमी दर हे त्या वर्षीच्या नियमात बघा, अंदाजाने जाऊ नका.

४. पोहोचायचं कसं

गाडी असेल तर उत्तम. बॉस्टनहून १३० मैलांच्या आसपास, तीन तास धरा. न्यूयॉर्कहून साडेतीन-चार, एडिसनकडून निघालात तर अजून थोडं जास्त. विमानाने येणाऱ्यांनी ऑल्बनीला उतरावं, तिथून तासाभराचा रस्ता आहे.

बॉस्टनहून रूट २ घेतला तर शेवटचा भाग मोहॉक ट्रेलचा आहे, सुंदर आहे पण घाट आहे. नॉर्थ अॅडम्सच्या आधी उतरताना एक हेअरपिन वळण येतं, अगदी पूर्ण उलटं फिरणारं. आपल्या वरंधा किंवा आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण ज्यांनी इथेच येऊन गाडी शिकली त्यांनी खालचा गिअर टाकून सावकाश उतरा, नुसत्या ब्रेकवर राहू नका आणि रात्री पहिल्यांदाच हा रस्ता घेऊ नका. डोंगरात मोबाइलचं नेटवर्क जातं, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करा.

गाडी नसेल तर ट्रेनने पिट्सफील्डपर्यंत येता येतं, उन्हाळ्यात वीकेंडला न्यूयॉर्कहून बर्कशायर फ्लायर नावाची गाडी पण सोडतात, पण पिट्सफील्डहून पुढे रात्री परत यायची सोय तुमची तुम्हाला करावी लागते आणि उबरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, मध्यरात्री त्या भागात गाडी मिळत नाही. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वय २५ च्या खाली असेल तर जादा पैसे लावतात.

५. कागदपत्रं

यादी छोटी आहे पण एकही विसरू नका.

- पास किंवा त्याची ऑर्डर दाखवणारा ईमेल, स्क्रीनशॉट काढून ठेवलेला
- ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड
- इथलं लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र. बिअर घ्यायची असेल तर २१ पूर्ण असल्याचा पुरावा लागतो आणि भारतातलं लायसन्स किंवा आधार दाखवून काही उपयोग नाही. इथलं ओळखपत्र नसेल तर मूळ पासपोर्ट लागेल, तो सांभाळून ठेवा
- आरोग्य विम्याचं कार्ड
- गाडीचे कागद

आणि एक गोष्ट जी कुणी उघडपणे सांगत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गांजा दुकानात कायदेशीर विकतात, मैदानात वास पण येईल, पण केंद्र सरकारच्या कायद्यात तो अजूनही बेकायदेशीर आहे आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना त्यावरून इमिग्रेशनमध्ये गंभीर अडचण येऊ शकते. तसंच दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलात तर व्हिसा रद्द होऊ शकतो. परत नेणारा ड्रायव्हर कोण हे दुपारीच ठरवा आणि त्याने रात्री पाणीच प्यायचं.

६. पिशवीत काय

जूनच्या शेवटी बर्कशायरमध्ये दुपारी ऊन चांगलंच लागतं आणि रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत येतो. सूर्य मावळतो साडेआठच्या सुमाराला, म्हणजे विल्को स्टेजवर येतात तेव्हा अजून उजेड असतो आणि संपतं तेव्हा तुम्ही कुडकुडत असता. एक जाडसर स्वेटर किंवा हूडी दुपारी कितीही नकोशी वाटली तरी घ्या.

पावसासाठी पाँचो घ्या, छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी आत सोडत पण नाहीत. बसायला पातळ चादर किंवा सतरंजी. खुर्च्या चालतात का, चालल्या तर मैदानाच्या कुठल्या भागात आणि किती उंचीच्या, हे त्या वर्षीच्या नियमात वाचा, पिशवीच्या मापाचं पण तसंच. रिकामी पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन, पॉवर बँक. बूट बंद घाला, पाऊस झाला की मैदानात चिखल होतो आणि कोल्हापुरी किंवा फ्लिपफ्लॉप घालून आलेल्यांचे हाल होतात.

टिक म्हणजे गोचीड, यावर मी जरा जोर देऊन सांगतो. आपल्याकडे गाईगुरांना लागते म्हणून माणसं दुर्लक्ष करतात, पण इथल्या हरणांवरच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तो भरपूर आहे. जूनमध्ये तिची पिल्लं असतात, जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, चावली तरी कळत नाही. डीट किंवा पिकारिडिन असलेला स्प्रे घोट्यापासून वर मारा, गवतात बसताना पँटचे पाय मोज्यात खोचा. रात्री खोलीवर आल्यावर आंघोळ करताना गुडघ्याच्या मागे, कमरेच्या इलास्टिकपाशी, काखेत आणि केसांत हात फिरवून बघा, मुलांचं तर स्वतः बघा. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल-काडी असले उपाय करायचे नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावली होती हे आठवणीने सांगा.

७. दिवसभर काय करायचं

लोक थेट संध्याकाळी येतात, तसं करू नका. दुपारभर आवारात वेगवेगळ्या स्टेजवर बाकीचे बँड असतात आणि विल्कोच्याच लोकांचे स्वतःचे वेगळे प्रकल्प वाजतात, स्टिरॅट आणि सॅन्सोन यांचा ऑटम डिफेन्स, क्लाइनचं मोकळं जॅझ, कोचीचं तालवाद्यांचं काम. हे ऐकलंत तर रात्री त्या त्या माणसाचं वाजवणं जास्त कळतं.

आणि ती जागा बघा. १८६० पासून तिथे कापडावर छपाई करणारी अर्नल्ड प्रिंट वर्क्स होती, १९४२ ला ती गेल्यावर स्प्रेग इलेक्ट्रिक आली, १९८५ ला तीही बंद पडली आणि अख्खं गाव बेकार झालं. १९९९ ला त्याच विटांच्या इमारतींत म्युझियम उघडलं. ज्यांच्या घरी कुणी लालबाग-परळच्या गिरणीत होतं त्यांना ते उंच छत, ते लोखंडी खांब, खिडक्यांच्या रांगा बघून गलबलून येईल. आपल्याकडे बहुतेक गिरण्या पाडून टॉवर उभे राहिले, इथे भिंती राहिल्या. सोल लेविट या अमेरिकन कलाकाराची भिंतीवरची चित्रं तीन मजल्यांवर पसरलेली आहेत, एकशे पाच आहेत, आणि भर दुपारच्या उन्हात तिथला गारवा फार बरा वाटतो. मुलं कंटाळली की तिथे न्या.

खाण्याचं म्हणाल तर स्टॉलवर शाकाहारी काहीतरी मिळतं पण रांगा लांब असतात, सहाच्या आत जेवून घ्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देतीलच असं नाही, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू हे गाडीत ठेवा आणि दुपारी गाडीपाशी जाऊन खा. मनगटावरचा पट्टा मात्र तीन दिवस काढायचा नाही, आंघोळीला पण नाही.

८. मैदानात कुठे उभं राहायचं आणि कसं ऐकायचं

रात्रीचा मुख्य कार्यक्रम जोज फील्ड नावाच्या मैदानात होतो. पुढे घुसायची घाई करू नका. सगळ्यात चांगला आवाज साउंड मिक्सरच्या तंबूच्या आसपास मिळतो, कारण ज्याच्या हातात आवाज आहे तो माणूस तिथे बसून तिथलंच ऐकत असतो. तंबूच्या किंचित पुढे, स्टेजच्या मध्यरेषेवर जागा धरा. नेल्स क्लाइनची बोटं बघायची असतील तर एक रात्र पुढे जा, दुसरी रात्र तंबूपाशी ऐका. लहान मुलं असतील तर मागे कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ.

कानांत इअरप्लग घालाच. स्पीकरजवळ आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि दोन-अडीच तासांत कानाला कायमची इजा होऊ शकते, कानात शीळ वाजायला लागली की ती कधी कधी जातच नाही. फोमचा प्लग बोटांत वळून एकदम बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बाहेर लोंबत असेल तर तो नीट बसलेला नाही. संगीतकार वापरतात ते सिलिकॉनचे प्लग वीस-पंचवीस डॉलरला मिळतात आणि त्यात गाणं स्वच्छ ऐकू येतं, माझी शिफारस त्यांचीच. मुलांना कानावर बसणारे मफ.

आता ऐकण्याबद्दल. या बँडच्या चाहत्यांना गाणं चालू असताना शेजारी गप्पा मारलेल्या अजिबात आवडत नाहीत, सवाई गंधर्वला बसलेल्यांना हे सांगायला नको. 'व्हाया शिकागो' नावाचं गाणं आहे, ट्वीडी एकटा हळू आवाजात गात असतो आणि मध्येच ड्रम आणि गिटार कोसळल्यासारखे फुटतात, प्रकाश पण भडकतो, आणि हा माणूस त्या सगळ्यातून त्याच लयीत, त्याच आवाजात गात राहतो, जसं काही झालंच नाही, आणि मग गोंगाट अचानक थांबतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं साउंड सिस्टिम बिघडली. बिघडलेली नसते, तसंच आहे ते. आणि 'इम्पॉसिबल जर्मनी' सुरू झालं की फोन खाली ठेवा, उत्तरार्धात क्लाइनचा लांबलचक सोलो असतो, तो दरवेळी वेगळा वाजवतो, आणि शेवटी बाकीच्या दोन गिटार खालून एकत्र येऊन त्याला उचलतात. ते रेकॉर्डिंगमध्ये मावत नाही. व्हिडिओ काढायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्या गाण्याचा अर्धा मिनिट काढा.

शब्द येत नसतील तरी बिनधास्त जा, आपण एकटेच देशी असू अशी भीती घेऊन घरी बसू नका. प्रेक्षक पोरंटोरं घेऊन आलेले, पन्नाशीतले, स्वभावाने मोकळे असतात, ओळख नसताना गाणं कुठल्या अल्बममधलं ते स्वतःहून सांगतात.

९. परतताना

शेवटचं गाणं संपल्यावर सगळे एकदम निघतात आणि गावातले दोनच मोठे रस्ते तुंबतात. अर्धा तास मैदानातच थांबा, पाणी प्या, सतरंजी झटकून घ्या. गाडी लावताना फोनच्या मॅपवरच्या पिनचा फोटो काढून ठेवला असेल तर अंधारात शोधाशोध होत नाही. शनिवारी रात्री बॉस्टनला परत निघायचा विचार तर करूच नका, घाटात हरणं आडवी येतात. रविवारी ट्वीडी त्याच्या मित्रमंडळींसोबत वाजवतो, तो कार्यक्रम ऐका आणि उजेडात निघा. वेळ असेल तर वाटेत माउंट ग्रेलॉकवर गाडीने जाता येतं, राज्यातलं सगळ्यात उंच टोक आहे, ३,४९१ फूट.

ज्या वर्षी सॉलिड साउंड नसेल

विल्को उन्हाळ्यात इतर ठिकाणी उघड्या मैदानांत वाजवतातच, बँडच्या साइटवर तारखा बघा. अशा जागी दोन प्रकारची तिकिटं असतात, छपराखालची खुर्ची आणि मागची हिरवळ. हिरवळ स्वस्त पण तिथे गप्पा फार, म्हणून पहिल्यांदा जाणार असाल तर जरा जास्त पैसे घालून छपराखालचं घ्या. कोलोरॅडोच्या रेड रॉक्सला जाणार असाल तर ती जागा समुद्रसपाटीपासून ६,४५० फुटांवर आहे आणि पायऱ्या भरपूर, आदल्या दिवशी डेन्व्हरला पोहोचा, पाणी जास्त प्या, आणि आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच न्या.